काकू म्हणायचं

येमूलबाई कुणाच्याही घरी गेल्या तरी पुढच्या खोलीत बसत नसत. दारात चप्पल काढायची, ‘आहात का ओ घरात?’ असं विचारत सरळ स्वयंपाकघर गाठायचं, ओट्याशेजारी जमिनीवर बसायचं आणि पिशवीतून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढायची. घरातल्या बाईकडून एक ताट मागून घ्यायचं आणि दाणे चोळून सालं काढायला लागायचं. त्या घरात नव्यानं आलेलं मूल दारामागून बघत असे. बाई त्याच्याकडे बघत नसत. काही वेळानं मूल समोर येऊन बसे, त्याचेही हात ताटात जात आणि मग ते बोलायला लागे. आधी शाळेतलं, गल्लीतलं. एखाद्या दिवशी, दाणे संपत आले की, झोपायची भीती का वाटते तेही.

“मोकळ्या हातानं माणूस सावध बोलतं,” त्या म्हणत. “हाताला काम द्या, मग बघा.”

त्या समुपदेशक होत्या. ज्या मुलांना आजारपण, तुरुंग किंवा अशाच एखाद्या कारणानं काही काळ आईवडिलांजवळ राहता येत नाही, त्यांना दुसऱ्या कुटुंबात ठेवलं जातं. दत्तक नव्हे, आईवडील पुन्हा उभे राहीपर्यंत. अशा कुटुंबाला कागदोपत्री प्रतिपालक कुटुंब म्हणतात. मूल आणि ते कुटुंब, दोघांचंही मन ताळ्यावर ठेवणं हे येमूलबाईंचं काम. सोलापुरातल्या एका लहान संस्थेत त्या ते करत. मुलं त्यांना ‘शेंगामॅडम’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं. सोललेले दाणे त्या कधी परत नेत नसत. त्यांची चटणी त्याच घरात व्हायची.

मी तेव्हा शहरातल्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होते. रविवारच्या पुरवणीसाठी अशा कुटुंबांवर लेख हवा होता. बाईंनी अटी घातल्या: नाव नाही, फोटो नाही आणि घरात गेल्यावर लिहून घ्यायचं नाही.

“मग मी करू काय तिथं बसून?”

“दाणे सोला की.”

लेख छापून आला आणि विसरला गेला. मी मात्र पुढं काही वर्षं सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागं मागं जात राहिले. या मजकुरातही मुलांची आणि घरांची नावं बदललेली आहेत. त्यांची अट अजून चालू आहे असं मी मानते.

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती साडी, खांद्यावर घट्ट पिन, चष्म्याला दोरी. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं आवाज मोठा. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, रिक्षावाल्याशी दख्खनी. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटी होती. ती सुरू झाली नाही की बाई तिच्याशी तेलुगूत बोलत, बराच वेळ आणि चढ्या आवाजात. काय म्हणता असं मी एकदा विचारलं.

“लाज काढते तिची. मराठीत काढली तर सगळ्या गल्लीला कळंल.”

दारात हेल्मेट काढायचं त्यांना आठवत नसे. अनेक मुलांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हेल्मेटसकट, मांडी घालून, शेंगदाणे चोळताना.

त्यांचं काम मला कळलं ते मान्यांच्या घरी. माने निवृत्त बस ड्रायव्हर. नवरा-बायको दोघंच. त्यांच्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा राहायला आला होता. तो पोटभर जेवायचा आणि उरलेली भाकरी गादीखाली लपवायचा. गादीला मुंग्या लागल्या. माने येमूलबाईंवर चिडले होते.

“आम्ही काय उपाशी ठेवतो का ओ त्याला? मागंल तेवढं वाढतो. तरी चोरतोय. उद्या शेजारी काय म्हणतील?”

“चोरत नाही. साठवायलाय.”

“कशासाठी?”

“तुमचा भरवसा नाही म्हणून.”

बाईंनी मानेबाईंना कडक भाकरी आणायला सांगितली. पापडासारखी पातळ, कुरकुरीत; आमच्याकडे ती घरोघर असते आणि बरेच दिवस टिकते. तिचा एक डबा भरायचा, मुलाचा हात पोचेल अशा फळीवर ठेवायचा आणि हा तुझा म्हणून सांगायचं. डबा कधी रिकामा दिसता कामा नये. किती खाल्ल्या, कधी खाल्ल्या, हे विचारायचं नाही.

“आणि हे किती दिवस चालवायचं?” माने म्हणाले.

“तो विसरंस्तवर.”

पहिले काही आठवडे माने रोज डबा भरत होते. मग दोन-चार दिवसांआड. काही महिन्यांनी आम्ही दोघी स्कूटीवरून जात असताना बाईंचा फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेतली. फोनवर माने एवढ्या मोठ्यानं ओरडत होते की मलाही ऐकू आलं.

“बाई, भाकरीला वास आला! डब्यात तशाच पडून वास आला ओ भाकरीला!”

बाई रस्त्याच्या कडेला, हेल्मेट घालून, मोठ्यानं हसल्या. “टाकून द्या त्या. आणि त्याला काही सांगू नका,” त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी ही बातमी ऑफिसातल्या प्रत्येकाला दिली, चहावाल्यालाही.

शेजारपाजारच्या चौकशांवरही त्यांचा उपाय होता. तुझे खरे आईवडील कुठं असतात, हा प्रश्न अशा प्रत्येक मुलाला जिन्यात, दुकानात, शाळेच्या फाटकात विचारला जातो. बाई मुलांकडून उत्तर घोकून घेत: ‘मोठी गोष्ट आहे, नंतर सांगेन.’ मूल खोटं बोलत नाही आणि उघडंही पडत नाही. हे उत्तर सगळ्यात चांगलं दिलं ते गौरानं.

गौरा सात वर्षांची असताना सुमनताईंकडे आली. सुमनताई आणि त्यांचे यजमान दत्ताभाऊ जुळे सोलापूर या वस्तीत राहतात. खाली पिठाची गिरणी, वर घर. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. गौरा अक्कलकोट तालुक्यातली. वडील वारलेले. आई महादेवी मनानं आजारी पडली होती. जेवायची नाही, झोपायची नाही आणि मुलीला घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. तिचे उपचार सुरू झाले. मुलीला सांभाळेल असं तेव्हा कुणी नव्हतं.

सुमनताईंच्या शेजारच्या बाईंनी गौराला पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठलं. “तुजी खरी आई कुटं असती गं?”

गौरानं कमरेवर हात ठेवला. “मोटी गोस्ट हाय. तुमाला येळ हाय का?”

पुढचा भाग तिनं स्वतः जोडला होता. येमूलबाईंनी तो लगेच उचलला आणि इतर मुलांना शिकवला. दिवसभर गौरा गिरणीत दत्ताभाऊंच्या पायांत घुटमळायची आणि पिठानं पांढरी होऊन वर यायची. पंधरा दिवसांत तिला गिऱ्हाइकांची नावं पाठ झाली. कुणाचं दळण झालंय हे ती जिन्यात उभी राहून ओरडून सांगायची. दत्ताभाऊ म्हणायचे, मला आता घसा नको.

आता बाईंच्या नियमाबद्दल लिहायला हवं.

मूल घरी नेण्याआधी अशा कुटुंबांना प्रशिक्षण असतं. संस्थेच्या हॉलमध्ये सतरंजीवर नवरा-बायकोच्या जोड्या बसत आणि येमूलबाई उभ्या राहून बोलत. मारायचं नाही, आम्ही पुण्य करतोय असं चारचौघांत म्हणायचं नाही, मुलाच्या आईवडिलांना त्याच्यासमोर नावं ठेवायची नाहीत. शेवटी आवाज खाली आणून त्या सांगत: “मुलाला आई-बाबा म्हणू द्यायचं नाही. काकू म्हणायचं. मावशी म्हणायचं. त्याला आई आहे. ती परत येणार आहे. ती येईल तेव्हा तिची जागा तिला रिकामी दिसली पाहिजे.”

हॉलमध्ये माना हलत. नियमामागं विचार होता. मी तो माझ्या लेखात चौकटीत छापला होता.

गौराला येऊन काही महिने झाले होते. एका दुपारी ती शाळेतून आली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच ओरडली, “आई, पानी दे की!”

सुमनताई वर कणीक मळत होत्या. पुढं काय झालं ते त्यांनी पुढच्या रविवारी बाईंना सांगितलं, तेव्हा मी समोर होते.

“काळजात काहीतरी झालं बघा. पण तुमचे शब्द आठवले. पाणी दिलं आणि जवळ घेऊन सांगितलं, आई नाही गं बाळा, काकू म्हणायचं. तुझी आई बरी होऊन यायची आहे की. रागावले नाही. प्रेमानं सांगितलं.”

“मग?”

“पाणी प्याली. गेली खेळायला.”

“बरोबर केलंत,” येमूलबाई म्हणाल्या.

सुमनताईंचा चेहरा उजळला. परीक्षेत पास झालेल्या माणसाचा असतो तसा. गौरा आतल्या खोलीत होती.

त्यानंतर गौरा त्यांना काकू म्हणाली नाही. आई म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. हे सगळ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण ती बोलायची बंद झाली नव्हती. अभ्यास सांगायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. फक्त हाक मारत नव्हती. काही हवं असलं की जवळ येऊन पदर ओढायची. सुमनताई आत असल्या तर दाराच्या चौकटीवर बोटानं टकटक करायची. जिन्यातून ओरडणं थांबलं. दळण झाल्याचं आता दत्ताभाऊंनाच ओरडून सांगावं लागे.

“येईल हळूहळू,” बाई म्हणायच्या. “दाणे सोलू द्या तिला.” गौरा दाणे सोलायची, व्यवस्थित, एकही साल न ठेवता. बोलायची मात्र शाळेतलं तेवढंच.

मग भाजी बाजारातला प्रकार झाला. बाजाराचा दिवस, गर्दी, आणि सुमनताईंच्या हातातून मुलीचं बोट सुटलं. त्या नाव घेऊन ओरडत सुटल्या. टोमॅटोच्या गाड्या, कोथिंबिरीवाल्या, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. गौरा सापडली ती दोन गाड्यांच्या मधे, जागेवर उभी.

सुमनताई ते सांगत होत्या तेव्हा मी बाईंच्या शेजारी बसले होते.

“मी तिला दिसत होते ओ बाई. सगळा वेळ माझ्याकडंच बघत उभी होती. चार पावलांवर. मी तिच्यासमोरून दोनदा गेले. हाक मारली नाही तिनं. मी म्हटलं, अगं बोलवायचं की मला. तर नुसती बघायली.” त्या थांबल्या. “काय म्हणून बोलवेल?”

बाईंचे हात ताटात थांबले होते. मी त्यांना दाणे सोलताना असं थांबलेलं आधी पाहिलं नव्हतं.

“आई म्हण म्हणून सांगा तिला,” त्या म्हणाल्या. “नियम बाजूला राहू द्या.”

“सांगितलं. बाजारातून आल्या आल्या सांगितलं. आई म्हटलंस तरी चालतंय गं, म्हटलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमीच नगं म्हनलाव की.”

सुमनताई ओट्याकडं वळून म्हणाल्या, “मी तुमचं ऐकलं बाई.”

“हो,” येमूलबाई म्हणाल्या.

खाली उतरल्यावर स्कूटीला चार-पाच किका माराव्या लागल्या. बाई तिला काही बोलल्या नाहीत. नियम सगळ्यांसाठी होता, त्याला कारण होतं, असं मी काहीतरी म्हणाले.

“नियम तिच्या आईसाठी होता,” त्या म्हणाल्या. “पोरीला कुणी विचारलं? बरोबर केलंत, म्हणाले मी. तुम्ही होता की तिथं. ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“पोरीनंही ऐकलं असणार.”

तेव्हापासून हॉलमध्ये शेवटचा नियम सांगायची वेळ आली की त्या पाणी प्यायला बाहेर जात आणि तो भाग दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावत. काढून टाकायलाही त्यांचं मन होत नव्हतं. त्याच्या जागी काय ठेवायचं हे त्यांना माहीत नव्हतं. एरवी प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा जाणाऱ्या बाई सुमनताईंकडे दोनदा जायला लागल्या. गौरा दार उघडायची, “आल्या,” एवढंच आत सांगायची आणि बाजूला व्हायची.

गौराला सुमनताईंकडे दोन वर्षं होत आली तेव्हा महादेवी भेटायला आली. उपचारांचा गुण आला होता. ती आता अक्कलकोटजवळ भावाकडे राहत होती आणि मुलीला न्यायची तिची तयारी होती. पहिली भेट ऑफिसात व्हायची पद्धत, पण येमूलबाईंनी ती सुमनताईंच्या स्वयंपाकघरात ठेवली. मी तिथं नव्हते. पुढचं मी सुमनताई आणि येमूलबाई दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे, तपशील जुळतात.

महादेवीनं शेंगाची पोळी करून आणली होती. ती भिंतीला टेकून बसली. गौरा आधी लांब बसली, मग जवळ सरकली आणि शेवटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. सुमनताईंनी ताटं वाढली. जेवताना गौराला मीठ हवं होतं. ती उठली, सुमनताईंपर्यंत गेली आणि त्यांचा पदर ओढला.

महादेवी बघत होती.

“तोंड न्हाय व्हय गं तुला? ह्यास्नी काय म्हनतीस?”

गौरानं खांदे उडवले.

“काय म्हनती वो ही ह्यास्नी?” तिनं येमूलबाईंना विचारलं.

बाईंनी सांगितलं. काही टाळलं नाही. मी नियम केला, तुमच्यासाठी केला, तुम्ही परत याल तेव्हा मुलगी दुसरीला आई म्हणतेय हे ऐकून तुम्हाला लागू नये म्हणून. आणि आता ती कुणालाच काही म्हणत नाही.

“माज्यासाटी?” महादेवीनं ताट बाजूला सारलं. “दोन वर्सं जेवाय घातलं, केस इंचरलं, शाळंला धाडलं, आन ह्या बाईला नाव न्हाय? ते माज्यासाटी? मला इचारलं का कुनी? माजं डोकं बिगाडलं हुतं, मन बिगाडलं नव्हतं की.”

तिनं पदराला हात पुसला.

“आमच्याकडं कानडीत थोरल्या चुलतीला दोड्डव्वा म्हनत्यात. मोटी आई. मावशी थोरली असंल तर तीबी दोड्डव्वा. गावात मला चार दोड्डव्वा हुत्या. माजी आई काय आटली का त्येनं?” मग ती मुलीकडे वळली. “दोड्डव्वा म्हन गं ह्यास्नी. म्हन.”

गौरा फरशीकडे बघत राहिली.

“म्हन की!”

“नको,” येमूलबाई म्हणाल्या. “नका सांगू. आता तिला काय म्हणायचं ते कुणीच सांगू नका.”

त्या दिवशी संध्याकाळी बाई माझ्या घरी आल्या. कधी येत नसत. हेल्मेट घालूनच सोफ्यावर बसल्या. हाताला काही नव्हतं म्हणून मी सोलायला मटार पुढं केले. त्यांनी ते बाजूला ठेवले.

“माझी आई विड्या वळायची,” त्या म्हणाल्या. “छातीचं दुखणं होतं तिला. मी मावशीकडं वाढले. आईच्या थोरल्या बहिणीकडं. दोन गल्ल्या सोडून. तिला मी काय म्हणायचे माहीत आहे?”

“काय?” मी विचारलं.

“पेद्दम्मा. मोठी आई. आमच्यात तेच म्हणतात. सगळं बालपण त्या शब्दानं हाक मारली मी. सकाळ-संध्याकाळ. माझी आई दारात बसून ऐकायची. तिला कधी लागलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “प्रशिक्षणाचे कागद इंग्रजी होते. त्यात लिहिलं होतं, जन्मदात्या आईची जागा घेऊ नका. मी त्याचं मराठी केलं. काकू केलं, मावशी केलं. तो शब्द माझ्या तोंडात होता ओ. तेलुगू म्हणजे घरातलं, ऑफिसात त्याचं काय काम. अक्कलकोटच्या बाईनं येऊन सांगावं लागलं मला.”

मी चहा केला. त्यांनी तो घेतला नाही.

त्यानंतर त्या एकेका घरी पुन्हा गेल्या आणि नियम मागे घेतला. तुम्हाला काय म्हणायचं हे मुलाला ठरवू द्या, आणि ठरवलं की दुरुस्त करू नका, एवढंच सांगायच्या. माने म्हणाले, “तो मला ड्रायव्हर म्हणतोय ओ.”

“मग ड्रायव्हर.”

“गल्लीत सगळ्यांसमोर?”

“हाक मारतो ना? ओ द्यायची.”

माने हसले. बाई हसल्या नाहीत. भाकरीच्या डब्यावर हसलेल्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. मुलांसमोर त्या पूर्वीसारख्या असत. मुलांना फरक कळला नसेल. पण एखाद्या घरात कुणी त्यांना विचारलं, ‘बाई, आम्ही असं असं केलं, बरोबर ना?’, तर त्या उत्तर देत नसत. “पोर काय म्हणालं?” असं विचारत. बरोबर हा शब्द त्यांनी टाकला होता.

गौरा आईकडे गेली. जाताना दत्ताभाऊंनी तिला गिरणीत नेलं आणि बटण दाबून गिरणी बंद करू दिली. हे तिला आधी कधी करू दिलं नव्हतं. बॅग मामानं उचलली. जिन्याच्या खालच्या पायरीवर ती वळली आणि वर बघून हात हलवला. सुमनताई वर उभ्या होत्या. त्यांनी मला सांगितलं की त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे नव्हतं, तोंडाकडे होतं.

मूल परत गेलं की त्या घराशी समुपदेशकाचं काम संपतं. मुलीच्या गावच्या फेऱ्या चालू राहतात आणि बाई त्या करत होत्या. आईच्या गोळ्या मामानं द्यायच्या, मुलीनं नाही, हे त्यांनी तिथं सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. सुमनताईंकडे जायचं कारण उरलं नव्हतं. तरी त्या रविवारी जात. सुरुवातीला सुमनताई फारशा बोलत नसत. दुसरं मूल घ्याल का म्हणून संस्थेनं विचारलं तेव्हा त्यांनी नाही सांगितलं होतं. बाई ताट मागून घेत, दाणे सोलत, चटणीपुरते झाले की उठत. समजूत घालायला त्या आलेल्या नसत. त्या घरात त्यांना कुणी जा म्हणत नाही, एवढ्यावर त्या येत असाव्यात.

नंतर बाई निवृत्त झाल्या आणि स्वतःच्या मुलीकडे हैदराबादला राहायला गेल्या. जाण्याआधीच्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर सुमनताईंकडे गेले होते. ती आमची शेवटची भेट.

सुमनताई ज्वारीचं पीठ मळत होत्या. बाई खाली, ताट पुढं. ओट्यावरचा फोन वाजला. सुमनताईंचे हात पिठात होते म्हणून बाईंनी उठून बटण दाबलं आणि स्पीकर लावला. पडद्यावर महादेवीचं नाव होतं.

“हॅलो. मी हाय.”

“बोल गं राणी,” सुमनताई म्हणाल्या.

गौरा बोलत राहिली. शेळीला दोन पिल्लं झाली होती. शाळेत धावण्यात ती दुसरी आली होती. पहिली आली ती मोठ्या वर्गातली होती, म्हणून ते धरायचं नव्हतं. गिरणी चालू आहे का? काकांच्या गिरणीचा पट्टा तुटला होता तो बदलला का? आई बरी आहे. गोळ्या मामा देतोय, मी न्हाय. सुमनताई मधेमधे ‘हं’ म्हणत होत्या. बाई दाणे चोळत होत्या आणि मान खाली घालून ऐकत होत्या. मला कळलं की प्रत्येक वाक्य सुरू होताना त्या थांबतात आणि वाक्य पुढं गेलं की पुन्हा चोळायला लागतात.

पलीकडून एका माणसाचा आवाज आला, लांबून. “कुनासंगं बोलालीस गं एवडं?”

गौरानं तोंड फोनपासून बाजूला घेतलं असावं, कारण आवाज बारीक झाला. तरी शब्द स्पष्ट होते.

“सोलापूरच्या दोड्डव्वासंगं. थांब की जरा.” मग पुन्हा जवळून, “हां. आन पिल्लाचं नाव काय ठेवू?”

सुमनताईंनी वळून येमूलबाईंकडे पाहिलं. हात पिठातच होते. मग त्यांनी कसलं तरी नाव सुचवलं, गौराला ते आवडलं नाही, दुसरं सुचवलं. फोन संपला. खालून गिरणीची घरघर येत होती.

“ऐकलंत ना बाई?” सुमनताई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि पिठाच्या मनगटानं डोळे पुसत होत्या. “म्हणाली ती. आता तरी सोडा तुम्ही ते मनातलं.”

“ऐकलं,” येमूलबाई म्हणाल्या. त्या सोललेलेच दाणे पुन्हा चोळत होत्या. “तो शब्द तिच्या आईनं दिलाय तिला. मी काढून घेतला तो दुसरा होता.”

त्यांनी ताट उचललं, ओट्यावर ठेवलं, सालं फुंकरून बाजूला केली आणि पिशवी घेतली. चहाला थांबल्या नाहीत. मी मागून खाली उतरले तेव्हा त्या स्कूटीला किका मारत होत्या. ती सुरू झाली नाही. त्या तिला काही बोलल्या नाहीत. स्टँड काढला आणि हातानं ढकलत गल्लीच्या टोकाकडे निघाल्या. साडीला मागं शेंगदाण्याची सालं चिकटली होती. वर खिडकीतून सुमनताई ओरडत होत्या, “बाई! ओ बाई! थांबा, हे सोडायला येतील!” गिरणीच्या आवाजात ती हाक त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, मला सांगता येणार नाही. त्या वळल्या नाहीत.